उत्तर बॅफिनच्या शाळेतलं वर्ष: नियोजन तारखांवर नको, उजेडावर करा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या पाँड इनलेट गावच्या शाळेत सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवायची नेमणूक हाती आली आहे, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. तर अडीच महिने सूर्य उगवतच नाही तेव्हा मुलं शिकतात कशी, तिथल्या शाळांत हजेरी फार कमी असते असं ऐकलं ते खरं का, आणि वर्षाचा अभ्यासक्रम कसा वाटून घ्यावा. इग्लुलिक आणि पाँड इनलेट या दोन्ही ठिकाणी मी याच वयाच्या मुलांना हेच विषय शिकवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. काळोखाची धास्ती घेऊ नका. दक्षिणेतून येणारे बहुतेक शिक्षक डिसेंबरची तयारी करून येतात आणि अडखळतात मे महिन्यात. अंधार मुलांना वर्गात आणतो, उजेड त्यांना बाहेर नेतो. हे एकदा डोक्यात बसलं की वर्ष कसं आखायचं ते आपोआप सुचत जातं.

पाँड इनलेट साधारण ७२.७ अंश उत्तर अक्षांशावर, बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाला आहे. समोर समुद्राची पट्टी आणि पलीकडे बायलॉट बेटाचे बर्फाचे डोंगर. वस्ती दीड हजाराच्या आसपास. नुनावुतच्या पंचवीसही वस्त्यांची हीच गत आहे, एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, विमानानंच जायचं. इथला सूर्य साधारण नोव्हेंबरच्या मध्याला जातो तो जानेवारीच्या अखेरीस परततो. मग मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मावळतच नाही. सूर्य परतल्यापासून तो मावळायचा थांबेपर्यंत जेमतेम शंभर दिवस. म्हणजे शून्यापासून चोवीस तासांपर्यंतचा प्रवास, सरासरी रोज पंधरा मिनिटांनी दिवस मोठा. पुण्यात वर्षभरात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात जेवढा फरक पडतो, तेवढा इथे दोन आठवड्यांच्या आत पडतो. झोप, भूक, मुलांचा मूड, सगळं त्या वेगानं हलत असतं.

इनुइट लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, वर्षाचे सहा ऋतू मानतात. आपल्यालाही सहा ऋतूंची सवय आहे, त्यामुळे हे चटकन पचतं. पण त्यांचे ऋतू पावसावर नाही, बर्फावर बेतलेले आहेत. समुद्र गोठायला लागला, गोठून पक्का झाला, उजेड परतला, बर्फावर पाणी साचलं, बर्फ फुटला, अशी ती विभागणी. शाळेच्या तीन सत्रांपेक्षा मला ही वाटणी शिकवायला जास्त कामाची वाटली.

तुम्ही पोचाल तेव्हा समुद्र मोकळा असेल. नार्व्हाल या लांब सुळ्याच्या देवमाशाची शिकार, कॅरिबू या हरणांची शिकार, बेरी वेचणं, हे सगळं चालू असतं. पहिल्या आठवड्यात वर्ग अर्धा भरला तर मनाला लावून घेऊ नका. सप्टेंबर लागला, रात्री खऱ्याखुऱ्या रात्री व्हायला लागल्या, की वर्ग भरतो. सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुट्टीपर्यंतचा काळ हा तुमचा कसण्याचा काळ. अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणांची ओळख, म्हणजे ज्याला रोज बसून, एकावर एक रचत जावं लागतं असं सगळं या काळात घ्या. पाठ्यपुस्तकाचा क्रम वेगळा असला तरी हरकत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास समुद्र गोठू लागतो, तेव्हा होडी चालत नाही आणि बर्फावर स्नोमोबाइलही नेता येत नाही. सगळं गाव घरात असतं. शिक्षकासाठी याहून सलग आठवडे वर्षभरात दुसरे नाहीत.

आता काळोखाबद्दल. तो तुम्हाला वाटतो तसा काळाकुट्ट नसतो. डिसेंबरच्या अखेरीस पाँड इनलेटला सूर्य भर दुपारी क्षितिजाच्या साधारण सहा अंश खाली असतो. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास तास-दोन तास निळसर संधिप्रकाश पसरतो, बर्फावरून तो परावर्तित होतो आणि पलीकडचे डोंगरही दिसतात. इग्लुलिक जरा दक्षिणेला, तिथे सूर्य साधारण नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतच नसतो, आणि दुपारी दक्षिणेला चांगली लाली येते. या उजेडात मुलांना बाहेर काढाच. मधली सुट्टी थंडीमुळे आत झाली असेल तर विज्ञानाचा तास त्या वेळेला ओढून घ्या. वर्गातले दिवे सकाळी सगळे लावायचे, दुपारनंतर थोडे कमी करायचे, ही साधी गोष्टसुद्धा मुलांच्या झोपेसाठी उपयोगी पडते. तुमच्यासाठी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या, आणि शनिवार-रविवारी झोपेची वेळ सैल सोडू नका. ज्या शिक्षकांना हिवाळा बाधतो, त्यातले बरेच जण सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोपून तो तासाभराचा उजेड गमावत असतात.

काळोखाचे दिवस म्हणजे गोष्टींचे दिवस. गावातल्या आजी-आजोबांना वर्गात बोलवा. शाळेत यासाठी तरतूद असते, मुख्याध्यापकांना विचारा. दोऱ्याच्या आकृत्यांचे खेळ जुन्या काळी याच दिवसांत खेळले जात. बोटांवर दोरा गुंफून अस्वल, कॅरिबू, पक्षी करून दाखवतात. एक आजी दोरा हातात घेऊन बसल्या की माझ्या वर्गातली सगळ्यात चळवळी मुलंही तोंडातून शब्द न काढता त्यांच्या बोटांकडे बघत राहायची. कुठला फास आधी सोडायचा, कुठला धरून ठेवायचा, याचा क्रम चुकला की आकृती विस्कटते. क्रमवार सूचना, सममिती, उलट क्रिया, सगळं त्यात आहे. मी त्यावरूनच समीकरणात 'उलट क्रियेनं बाजू मोकळी करणं' शिकवायचो, आणि ते फळ्यावर शिकवण्यापेक्षा पक्कं बसायचं.

सूर्य परततो तो दिवस वाया घालवू नका. इग्लुलिकमध्ये त्याचा मोठा उत्सव होतो. जुन्या काळी घरोघरचे कुल्लिक, म्हणजे सीलच्या चरबीवर जळणारे अर्धचंद्राकृती दगडी दिवे, त्या दिवशी विझवून पुन्हा नव्या ज्योतीनं पेटवत असत. आजही समारंभात गावातली एखादी ज्येष्ठ स्त्री कुल्लिक लावते. गणिताच्या अंगानं बघाल तर महिनाभर आधी मुलांकडून भाकीत करून घ्या. अक्षांश आणि सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, दिलं की सातवी-आठवीची मुलं दुपारच्या सूर्याची उंची काढू शकतात, नुसती बेरीज-वजाबाकी आहे. उत्तर बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा उशिराची तारीख देतं, कारण थंड हवेत प्रकाश वाकतो आणि क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो. 'मग पुस्तक खोटं का?' हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. अपवर्तन शिकवायला याहून चांगली सुरुवात मला कधी सापडली नाही.

फेब्रुवारी-मार्च हे महिने थंडीचे आणि हिमवादळांचे. शाळा बंद असल्याची बातमी गावच्या रेडिओवर सकाळी येते, तो रेडिओ घरात चालू ठेवा. असे बंद दिवस नियोजनात आधीच धरा. पण मुलं या काळात येतात, उजेडानं तरतरीत असतात. राहिलेला जड भाग मार्चअखेर संपवायचा, हे ध्येय भिंतीवर लिहून ठेवा.

आणि मग एप्रिल. दिवस लांबलचक, ऊन बर्फावरून डोळ्यांत जाणारं, समुद्र दीड-दोन मीटर जाड गोठलेला आणि स्नोमोबाइलला सगळीकडे वाट. कुटुंबंच्या कुटुंबं कामुतिकवर, म्हणजे लाकडी घसरगाडीवर, तंबू-स्टोव्ह लादून निघतात. सील, तलावातले 'आर्क्टिक चार' (char) जातीचे मासे, पुढे हिमहंस आणि त्यांची अंडी. मे महिन्यात मासेमारीच्या स्पर्धा लागतात, अख्खं गाव तलावावर. जी मुलं गावात असतात ती रात्री दोन-तीनपर्यंत बाहेर खेळतात, कारण ऊन आहे, आणि सकाळी उठत नाहीत. तुमच्या पंचवीसच्या वर्गात आठ-दहा जण दिसले तर तो मे महिना आहे. बहुतेक वस्त्यांत शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला संपते आणि तारखा गावानं निवडून दिलेलं स्थानिक शिक्षण मंडळ ठरवतं, ते यासाठीच.

म्हणजे हजेरीबद्दल तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. पण त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय त्यावर मत बनवू नका. १९५० आणि १९६० च्या दशकांपर्यंत इथली माणसं ऋतूप्रमाणे तळ हलवत राहत होती. त्यांना एका जागी वस्तीत आणण्यात सरकारी शाळेचा मोठा वाटा होता. मुलं शाळेत घातलीच पाहिजेत म्हटल्यावर आई-वडिलांना तळ सोडून शाळेजवळ यावं लागलं. काही मुलांना तर विमानानं शेकडो किलोमीटर दूर, मॅनिटोबातल्या चर्चिलसारख्या ठिकाणच्या वसतिगृहात नेलं गेलं. निवासी शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी जून २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. बॅफिन भागातल्या सक्तीच्या स्थलांतराची आणि घसरगाडी ओढणारी कुत्री मारल्याची चौकशी किकिक्तानी सत्य आयोगानं केली, आणि त्याबद्दल केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१९ मध्ये नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला येऊन माफी मागितली. तुमच्या वर्गातल्या मुलांचे आजी-आजोबा हे सगळं स्वतः भोगलेले आहेत. शाळेमुळे जमीन सुटली, हे ज्या घरात आठवणीतलं आहे, त्या घराला 'मूल मे महिन्यात बाहेर का नेलंत' असं विचारणारा फोन करू नये. मला हे फार मनापासून वाटतं.

शिवाय ते मूल तिकडे रिकामं बसलेलं नसतं. बर्फाचा रंग कुठे बदललाय, भेग किती रुंद झाली, कामुतिक तिच्यावरून न्यावी का, वारा कुठून वळला, याचा हिशोब बारा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मागे उभा राहून करत असतो. त्यात चूक झाली तर किंमत जिवाची असते. पाँड इनलेटमध्ये स्मार्टआइस नावाचा उपक्रम चालतो. स्थानिक लोक कामुतिकवर संवेदक बसवून बर्फाची जाडी मोजतात आणि ती माहिती गावाला देतात. त्या लोकांना वर्गात बोलवा, त्यांचे आलेख फळ्यावर लावा. सरासरी, आलेखाचा चढ, मापनातली चूक हे सगळे धडे तिथे जिवंत होतात, आणि घरी शिकलेलं व शाळेत शिकलेलं एकाच कामात वापरता येतं हे मुलांना दिसतं.

म्हणून एप्रिल-मे साठी नवा धडा ठेवू नका. मोजमापं, भूमिती, माहिती गोळा करणं, छोटे प्रकल्प ठेवा. जो चार दिवस आला आणि दहा दिवस गेला त्यालाही जोडता यावेत असे. माझा आवडता प्रयोग सावलीचा. मार्चमध्ये विषुवदिनी एक मीटरची काठी रोवली तर पाँड इनलेटला भर दुपारीही तिची सावली तीन मीटरहून लांब पडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात वीस सेंटिमीटरची काठी मोकळ्या सपाट जागी रोवा आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करा, पूर्ण चोवीस तास. दुपारी सावली पंचवीस सेंटिमीटर, मध्यरात्री तीन मीटरच्या आसपास. खुणा जोडल्या की बंद लंबवर्तुळ तयार होतं, कुठेही न तुटलेलं. मध्यरात्रीच्या खुणा कोण करणार ही चिंता नको, मुलं जागीच असतात, आणि सकाळी शाळेत न आलेला मुलगा रात्री एकची खूण अचूक करून गेलेला असतो. त्याची ती हजेरी मी मनातल्या मनात लावायचो आणि प्रकल्पाच्या गुणांत प्रत्यक्षही धरायचो. याच वेळी त्यांना सांगा की पुण्यात मेच्या मध्याला एक दिवस असा येतो, जेव्हा भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशीच होते. मुलांचा विश्वास बसत नाही. मी माझ्या भाचीकडून पुण्यातल्या गच्चीवरचा फोटो मागवून दाखवला होता, तो बराच काळ वर्गात लावलेला होता.

वर्गातली एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवी. इथली मुलं 'हो' म्हणायला भुवया उंचावतात आणि 'नाही' म्हणायला नाक आक्रसतात. तोंडातून शब्द येत नाही. 'समजलं का?' विचारल्यावर समोर शांतता दिसते आणि नवा शिक्षक तोच प्रश्न चढ्या आवाजात पुन्हा विचारतो. मुलीनं केव्हाच उत्तर दिलेलं असतं. चेहऱ्याकडे बघा, फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारू नका. तसंच सगळ्यांसमोर एकट्याला उभं करून उत्तर काढणं इथे चालत नाही. दोघा-तिघांच्या गटात काम द्या, जे हात लावून करून दाखवता येईल ते आधी तुम्ही नुसतं करून दाखवा. बघून शिकणं आणि पुरेसं जमेपर्यंत कुणी न टोकणं, ही त्यांची घरची पद्धत आहे आणि नुनावुतच्या शिक्षण कायद्यातल्या इनुइट तत्त्वांमध्येही ती आहे.

भाषेचं म्हणाल तर पहिली काही वर्षं मुलं इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे त्यांच्या इनुइट भाषेत, शिकतात आणि मग इंग्रजीकडे वळतात. तुमच्या हाती येतात ती या वळणावरून नुकतीच पुढे आलेली. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडलेलं मूल बहुतेकदा गणितात अडलेलं नसतं. तुम्हाला एक फायदा आहे, तो वापरा. इनुक्टिटुटच्या लिपीत व्यंजन आणि स्वर मिळून एकच चिन्ह होतं आणि स्वर बदलला की चिन्ह फिरवतात. बाराखडी शिकलेल्या माणसाला ती आठवड्याभरात वाचता येते. ही लिपी मुळात क्री या कॅनडातल्याच दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या भाषेसाठी १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानं घडवली, आणि तिच्यावर देवनागरीचा प्रभाव असावा असं अनेक अभ्यासक मानतात. भिंतीवर दोन्ही लिप्यांत मुलांची नावं लावा. शिक्षकही काहीतरी अडखळत वाचतोय हे बघून मुलांची भीड चेपते.

घरच्या संपर्कासाठी शाळेत एक स्थानिक समुपदेशक असतात, शाळा आणि घर यांना जोडणारे. कुठल्याही कुटुंबाशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला. लहान गाव आहे, सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. मृत्यू झाला की शाळा बंद राहू शकते, वर्ग अर्धा रिकामा होतो आणि उरलेल्या अर्ध्याचं लक्ष नसतं. नुनावुतमध्ये आत्महत्यांचं प्रमाण फार मोठं आहे, २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं ते संकट म्हणून जाहीर केलं. आत्महत्या प्रतिबंधाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं, ते मिळेल त्या पहिल्या संधीला घ्या, पुढच्या वर्षावर टाकू नका. दुःखाच्या दिवसांत शिकवायचा आग्रह धरू नका, पण वर्ग उघडा ठेवा, न्याहारी तयार ठेवा, स्वतः हजर राहा. सुट्टीत दक्षिणेला गेलेला शिक्षक जानेवारीत खरोखर परत आला, याचीही मुलं नोंद ठेवतात. मध्येच सोडून गेलेले अनेक त्यांनी पाहिलेले असतात.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. वर्षाचा जड माल उन्हाळ्यात जहाजानं येतो, त्याची मागणी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच नोंदवावी लागते. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचाल म्हणजे यंदाचं जहाज बहुधा चुकेल. डाळी, पीठ, तेल निघण्यापूर्वी टपालानं पाठवा. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी हलकी असते, विमानातल्या सामानात ठेवा. पाणी ट्रकनं येतं आणि सांडपाणी ट्रकनंच जातं, वादळात दोन्ही थांबतं, तेव्हा एक भांडं नेहमी भरलेलं ठेवा. जाड पडदे हिवाळ्यासाठी नाही, मे महिन्यासाठी घ्या. पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, आणि बूट मात्र तिकडे जाऊन, लोकांना विचारून घेतलेले बरे.

आणि करारावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारून घ्या. या वर्षीच्या शाळेच्या तारखा कोणत्या, शाळेची वसंतातली गावाबाहेरची सहल केव्हा असते आणि तिच्यात वर्गशिक्षकाला जाता येतं का, आणि आधीच्या शिक्षकानं सातवीला गणितात कुठवर आणलंय. तिसऱ्याचं उत्तर आलं की मला कळवा, सप्टेंबर ते मार्चची आठवडेवार आखणी आपण दोघं मिळून करू.